एक चेहरा, तीन उजेड

माझ्या हातून आजवर जेवढी माणसं गोरी झाली, तेवढी कुठल्या क्रीमच्या कंपनीनंही केली नसतील. नवरदेव झाले, नवऱ्या झाल्या, निवडून आलेले आणि पडलेले नगरसेवक झाले. देगलूरच्या एका किराणा व्यापाऱ्यानं तर लग्नाचा अल्बम तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा म्हणे, मी काळा दिसून राहिलो. दुसऱ्यांदा म्हणे, आता बायकोहून गोरा झालो, सासरचे हसून राहिले. तिसऱ्यांदा त्याची आईच आली. तिनं त्याला तेलुगूत चांगलं सुनावलं आणि पहिलाच अल्बम बगलेत मारून घेऊन गेली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

मी नजमा. लातुरात मला सगळे आपा म्हणतात, म्हाताऱ्या बायकासुद्धा. माहेर नांदेडचं. तिथं वजिराबादेत अब्बांचा स्टुडिओ होता. मुलींनी दुकानात बसायचं नाही असा घरात नियम होता, पण निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला बारीक हात लागतो आणि तो घरात माझ्याशिवाय कुणाचाच नव्हता. म्हणून नियम गेला खड्ड्यात आणि मी बसले दुकानात. निगेटिव्हमध्ये जे काळं ते फोटोत पांढरं. डोळ्यांखालचा काळेपणा घालवायचा तर निगेटिव्हवर तिथं पेन्सिलीनं हलकेच काळं करायचं. एक रेघ जास्त झाली की माणसाच्या गालावर कोड उठल्यासारखं दिसायचं. अब्बा पट्टीनं बोटांवर मारायचे. मी रडायचे आणि पुन्हा करायचे.

लग्न होऊन लातूरला आले तर इथंही स्टुडिओच. आमचे हे, म्हणजे युसूफ, फोटो काढायचे आणि मी तो कागदावर आणायची. आमच्या धंद्यात एक रीत होती. गिऱ्हाईक सांगो न सांगो, चेहरा एक हात उजळ करून द्यायचा. 'आपा, जरा गोरं करून द्या' हे वाक्य मी दिवसातून वीसदा ऐकायची, मग ऐकायच्या आधीच करून टाकायची. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. त्यात वाईट काय, ते सोजरबाईनं शिकवलं.

ती भूकंपानंतर आली. त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे किल्लारीकडची गावंच्या गावं बसली, हे आमच्याकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. पुढचे कितीतरी महिने आमच्याकडं एकच काम होतं, ढिगाऱ्यातून निघालेल्या फोटोंवरून नवे फोटो करायचं. फाटलेले, भिजलेले, अर्धे. सोजरबाईनं पदराच्या गाठीतून साखर कारखान्याच्या पासावरचा नखाएवढा फोटो काढला. नवऱ्याचा. बाकी काहीच राहिलं नव्हतं. मी जीव ओतून काम केलं. चिरा बुजवल्या, तुटलेला कान पुरा केला आणि रीतीप्रमाणं चेहरा छान उजळ करून मोठा फोटो तिच्या हातात दिला.

तिनं बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "हे कोन हाय?"

"मावशी, तुमचेच मालक."

"न्हाई. हे माझं मालक न्हाईत."

आणि मी, अक्कल गहाण ठेवलेली, तिच्याशी वाद घातला! म्हणाले, "अहो, चांगलं दिसून राहिलंय की."

"चांगलं दिसाया मला काय नवा मालक करायचाय व्हय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी नाही हसले. डार्करूममध्ये गेले, दार लावलं आणि पुन्हा फोटो केला. तिथं हिशेब उलटा असतो. कागदावर उजेड जेवढा जास्त वेळ तेवढा फोटो काळा. मी सेकंद मोजत उजेड वाढवला. औषधाच्या पाण्यात हळूहळू एक सावळा, उन्हात रापलेला माणूस वर आला, कपाळावर आठी असलेला. तो बघताच सोजरबाई म्हणाली, "हां." फोटो तिनं छातीशी धरला आणि तिथंच फरशीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. पैसे घेतले नाहीत, पण पहिल्या वेळी घातलेला वाद आजही सलतो. नवरा गेलेल्या बाईला मी सांगत होते की तिचा नवरा कसा दिसायचा.

पुढं दिवस बदलले. डार्करूम गेली, कॉम्प्युटर आला. आणि लातुरात शिकवणीचं असं पीक आलं की विचारू नका. गल्लीत क्लास, वर होस्टेल, खाली मेस, मध्ये झेरॉक्स. खेड्यापाड्यांतून, नांदेड-परभणीकडून पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन राहिली. डॉक्टर नंतर व्हायचं, आधी पासपोर्ट साइज फोटो लागतो. आमचं दुकान ट्युशन एरियाच्या तोंडाशीच होतं. अल्लाहची मेहेरबानी, पोरांच्या बसायला बाक कमी पडायचे.

त्या काळात धंद्यात एक नवीन दुखणं आलं. एकच फोटो एका सॉफ्टवेअरमध्ये उजळ, दुसऱ्यात अंधारलेला. पोरगं दुकानातून हसत जायचं आणि मोबाइलवर फोटो बघून भांडायला परत यायचं. आम्ही म्हणायचो, बाबा, तुझा मोबाइलच तसा. ते म्हणायचं, तुमचं दुकानच तसं. दोघंही वैतागून आपापल्या कामाला लागायचे. खरं कारण शोधायची फुरसत कुणालाच नव्हती. ती मला रेणुकामुळं काढावी लागली.

रेणुका शिरूर अनंतपाळकडची. घरची शेती, आई-बाप दोघं शेतात राबणारे. पोरगी दोन वर्षं लातुरात राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. रंगानं काळीसावळी, डोळे तरतरीत, बोलणं कमी. एका दुपारी ती दुकानात आली आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. 

"आपा, माझा फॉर्म दोनदा परत आला. फोटोवरून."

परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन असतो. त्यात फोटो ठरावीक केबीच्या आत बसवून टाकावा लागतो. पहिल्यांदा तिला उत्तर आलं की चेहरा स्पष्ट नाही, फोटो फार काळा आहे. दुसऱ्यांदा आलं की फोटोत फेरफार केलेला दिसतो. दुरुस्तीची शेवटची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाची होती. तिसऱ्यांदा चुकलं तर परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि घरच्यांनी दोन वर्षं म्हटली होती, तीन नव्हे.

"बाबा म्हनले, फोटो बी नीट काढता येईना का गं तुला," ती म्हणाली आणि मग मात्र रडली.

फोटो आमचाच होता. मी आमच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. एकदम नीट. सावळा चेहरा, स्वच्छ डोळे, मागं पांढरं. माझं डोकं सणकलं. फॉर्म भरला होता समोरच्या दिलीपनं. दिलीप म्हणजे ऑनलाइन फॉर्म सेंटरवाला, पोरगा कामसू पण हात सैल. मी रस्ता ओलांडून तशीच त्याच्या दुकानात शिरले आणि सहा गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडला.

"काय रे मुडद्या, काय केलंस पोरीच्या फोटोचं?"

"आपा, मी काय केलं न्हाई! तुमच्याकडूनच काळा आला. मंग मी ब्राइटनेस वाढवला."

"वाढवलास? बघू."

त्यानं दाखवला. गाल पिठासारखे आणि कान मागच्या पांढऱ्यात विरघळून गेलेले. पोरीला कानच नव्हते! दुसऱ्यांदा का नाकारला ते कळलं. पण पहिल्यांदाचा, त्यानं हात न लावलेला, फक्त केबी कमी केलेला फोटो खरोखरच काळा होता. मला वाटलं, त्याचा स्क्रीन खराब. पेन ड्राइव्हवर फाइल घेतली आणि आमच्या दुकानात येऊन आमच्या स्क्रीनवर उघडली. तिथंही काळी.

मग म्हटलं, नजमा, खाली बस आणि नीट बघ. अब्बा म्हणायचे, फोटो बिघडला तर आधी हात धुवायचे, मग शोधायचं. मी खरंच उठून हात धुतले. युसूफ म्हणाले, "अगे, ये क्या नमाज का टैम है क्या?" मी हात पुसून स्क्रीनसमोर बसले.

आमचीच मूळ फाइल घेतली, दिलीपची नाही. ती एकाच स्क्रीनवर तीन ठिकाणी उघडली. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट. फोटो नुसता बघायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये काळी. मोबाइलवरून आणलेल्या एका फुकटच्या एडिटिंगवाल्यात आणखीच वेगळी, फिकट आणि मेलेली. स्क्रीन एक, फाइल एक, पोरगी एक आणि उजेड तीन. म्हणजे स्क्रीन निर्दोष. दिलीपही निम्मा सुटला.

आता डोळ्यांवर विसंबायचं नाही असं ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो. तो फोटोवर कुठंही टेकवला की तिथं किती उजेड आहे त्याचा आकडा सांगतो. शून्य म्हणजे मिट्ट काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरंफट. मी मूळ फाइलमध्ये रेणुकाच्या डाव्या गालावर, तिळाशेजारी, ड्रॉपर टेकवला. एकशे वीस. दिलीपच्या काळ्या फाइलमध्ये त्याच जागी टेकवला. एकशे वीस! पुन्हा टेकवला. एखाद्यानं इकडंतिकडं, पण तोच.

मी रेणुकाला म्हटलं, "तुझ्या फोटोला कुणीच हात लावला नाही गं. आकडा तोच आहे. वाचणारा वेगळा वाचून राहिलाय."

तिला कळेना. मग तिला आडत बाजारातलं सांगितलं, कारण तिच्या घरची तूर तिथंच येते. समज, दोन गावांची मापं वेगळी आहेत. तुझ्या बाबांनी गावच्या मापानं वीस मापं तूर पाठवली आणि पोत्याला चिठ्ठी बांधली की हे आमच्या मोठ्या मापानं वीस. चिठ्ठी वाचणारा बरोबर हिशेब करील. पण चिठ्ठी गळून पडली तर आडत्या काय करील? आपल्या छोट्या मापानं वीस धरील. तूर तेवढीच, पण हिशेबात कमी भरली.

"मंग आमचं नुकसान," ती लगेच म्हणाली.

"तेच झालंय तुझ्या गालाचं."

फोटोच्या फाइललाही अशी एक चिठ्ठी असते. आतले आकडे कुठल्या मापानं वाचायचे ते त्यात लिहिलेलं असतं. मोठं सॉफ्टवेअर चिठ्ठी वाचतं. साधा प्रोग्रॅम तिकडं बघतही नाही, आणि तो फुकटवाला भलतंच माप धरून बसतो. आणि केबी कमी करायचं दिलीपचं टूल वजन घटवायला सगळ्यात आधी चिठ्ठीच फाडून फेकतं, कारण त्याच्या लेखी ती अडगळ.

पण सगळेच फोटो चिठ्ठीविना बिघडत नाहीत. जगातल्या बहुतेक मोबाइल-कॉम्प्युटरांना एक साधं माप पाठच असतं. फोटो त्या मापातला असेल तर चिठ्ठी गेली तरी चालतं. मग आमचा फोटो कुठल्या मापातला होता? मी कॅमेऱ्याच्या फाइली उघडायच्या प्रोग्रॅमची सेटिंग काढली आणि कपाळावर हात मारला. यादीतलं सगळ्यात मोठं, सगळ्यात रुंद माप निवडून ठेवलेलं होतं.

"ये कौन किया?" मी विचारलं. त्या प्रोग्रॅमला हात लावणारे आम्ही दोघंच होतो.

युसूफ टोपी सारखी करत म्हणाले, "नवा प्रोग्रॅम डाला तब. सबसे बडा वाला था. बडा लिया तो अच्छाच है ना?"

या माणसानं आयुष्यभर मोठं ते चांगलं म्हणून सगळं मोठं घेतलं. घरात देग मोठी, दाराला कुलूप मोठं. दोघांच्या संसाराला सोळा माणसांचा कुकर. छापायच्या कामाला रुंद माप उपयोगी पडतं हे खरं, पण पासपोर्ट फोटोला कशाला? चूक आमच्या घरची होती. आणि मी रस्ता ओलांडून दुसऱ्याला मुडदा म्हणून आले होते.

चार वाजून गेले होते. घाईत मी आणखी एक माती खाल्ली. माप बदलायचे दोन हुकूम असतात, नावं सारखीच वाटतात. एक नुसती चिठ्ठी बदलतो, दुसरा नव्या मापानं माल मोजून भरतो. मी पहिला दाबला. आमच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही रेणुकाचा चेहरा पटकन काळवंडला. ती शेजारी उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला.  एक पाऊल मागं घेतलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि दुसरा हुकूम दिला.

चेहरा हललाही नाही. तसाच राहिला, नीट. पण गालावर ड्रॉपर टेकवला तर आकडा एकशे वीसवरून एकशे चाळीसच्या आसपास गेलेला. आकडा बदलला आणि चेहरा तोच. हेच तर पाहिजे होतं! साध्या प्रोग्रॅममध्ये उघडला, नीट. फुकटवाल्यात उघडला, नीट. रेणुकाच्या मोबाइलवर टाकला, नीट. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. माझ्या वयाच्या बाईला शोभत नाही, पण वाजवली.

रस्ता ओलांडून पुन्हा दिलीपकडं गेलो. त्यानं फोटो आपल्या टूलमधून काढला, चिठ्ठी फाटली, केबी उतरले. उजेड जागच्या जागी. पोरगा बघतच राहिला. मग म्हणाला, "आपा, थोडं गोरं करू का? तिसरी बारी हाय, सेफ राहील."

त्याचं बोट त्या ब्राइटनेसच्या पट्टीवर गेलंच होतं. मी हातावर फटका मारला.

"खबरदार! परीक्षेच्या दारात पोरगी उभी राहील तेव्हा फोटो धरून चेहरा बघतील. तिथं कोण गोरी जाणार आहे? हीच जाणार ना?"

रेणुका हळूच म्हणाली, "हाव, मीच जाणार."

सहाला दहा कमी असताना साइट अडकली. नुसतं गोल गोल फिरायला लागलं. दुकानातली सगळी पोरं आपापले फॉर्म सोडून आमच्या स्क्रीनभोवती गोळा झाली. कुणी म्हणे रिफ्रेश करा, कुणी म्हणे नका करू. दिलीपच्या कपाळावरून घाम निथळत होता. रेणुकानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. आणि मग हिरवी अक्षरं आली, फॉर्म जमा झाला. सहाला चार मिनिटं होती. पोरं ओरडली. त्या गर्दीतच मी दिलीपला म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाळा, दुपारी बोलले ते मागं घेते. चूक माझ्या दुकानाची होती."

"जाऊ द्या आपा. पण मुडदा शब्द लई लागला. चहा पाजा."

सगळ्यांना पाजला. युसूफनी मोठी किटली आणली, एवढी मोठी की चहा उरला.

दोन दिवसांनी दिलीप रस्त्याच्या त्या बाजूनंच ओरडला, "आपाऽऽ, फोटो पास!" येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी काउंटरवरून हात उंचावला. त्या आठवड्यात मी लातुरातल्या ओळखीच्या सात-आठ स्टुडिओवाल्यांना फोन करून सेटिंग सांगितली. दोघांनी लगेच ऐकलं, बाकीच्यांनी नंतर ऐकलं. एकजण म्हणाला, 'आपा, आता तुम्ही आम्हाला शिकवणार?' त्याचंच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात त्याचा फोटो घेऊन माझ्याकडं आलं.

रेणुका पास झाली. नुसती नाही, तिच्या क्लासच्या पहिल्या चाळीसात आली. सरकारी मेडिकलला नंबर लागेल एवढे मार्क. आता निकालानंतर आमच्या गावात चौकाचौकात फ्लेक्स लागतात, हे तुम्ही बघितलंच असेल. तिच्या क्लासच्या सरांनी फ्लेक्सचे फोटो माझ्याकडंच दिले आणि सांगितलं, सगळे एकसारखे झकास उजळ करा. मी सगळ्यांची मापं एकसारखी केली, आकडे तपासले, आणि ज्याचा त्याचा रंग त्याच्याजवळ राहू दिला.

दुकानासमोरच्या चौकात फ्लेक्स चढला तसे सर तणतणत आले. "आपा, शेजारच्या क्लासची पोरं बघा कशी चमकून राहिली! आणि आपली?"

मी म्हटलं, "सर, आज पालक येणार आहेत ना? तेवढं थांबा. मग पाहिजे तर उतरवा."

आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. शेजारच्या फ्लेक्सखाली एक बाप चष्मा वर-खाली करत नावं वाचत होता, पोरगा सापडत नव्हता. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडं ऑटोतून रेणुका आणि तिची आई उतरल्या. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती, हे मला रेणुकानं आधी सांगितलं होतं. रेणुका भाडं देत होती. आईनं मान वर केली. चाळीस चेहऱ्यांवरून तिची नजर एकदा फिरली आणि थांबली. तिनं हात लांब केला, भर रस्त्यात.

"ती बघा," ती ऑटोवाल्याला सांगत होती, इकडं ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. "ती वरल्या रांगेतली काळीसावळी. ती माझी रेणू हाय."

सर पायरी उतरून आपल्या क्लासकडं गेले. फ्लेक्स महिनाभर राहिला.